विकीवर उत्तर आहे, तरी मुलं तोच प्रश्न पुन्हा विचारतात: बिघाड कुठे शोधायचा

लक्षण ओळखायला वेळ लागत नाही. इन-सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) तोंडावर आली की सिग्नल्सच्या वर्गातून प्रश्न येतो, ‘सर, एक्स ऑफ टू-टी मायनस थ्री काढताना आधी शिफ्ट करायचं की आधी स्केल?’ मागच्या बॅचने हेच विचारलं होतं, तिच्या आधीच्या बॅचनेही. विकीवर, म्हणजे वर्गातल्या सगळ्यांना लिहिता-बदलता येणाऱ्या आमच्या संकेतस्थळावर, उत्तर आहे, आकृत्यांसकट आहे, विकीचा पत्ता पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून दिलेला आहे. तरी प्रश्न येतो, रात्री व्हॉट्सॲपवर येतो, आणि उत्तर टाइप करून फोन खाली ठेवावा तोवर दुसऱ्या प्रॅक्टिकल बॅचमधून तोच पुन्हा येतो.

यावर स्टाफरूममध्ये दोन निदानं तयारच असतात. एक, हल्ली मुलं वाचत नाहीत. दोन, विकीबिकी आपल्याकडे चालायचं नाही. पहिलं खरं असलं तरी त्यावर तुमच्या-माझ्या हातात इलाज नाही, म्हणून ते बाजूला ठेवू. दुसरं मला पटत नाही. प्रश्नोत्तरांचा विकी बंद पडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा पानांच्या नावांत, शिक्षकाच्या घाईत आणि गुण देण्याच्या पद्धतीत सापडतो. तिन्ही गोष्टी सेमिस्टर चालू असताना दुरुस्त करता येतात.

खालचं सगळं मीडियाविकी हे विकी चालवण्याचं सॉफ्टवेअर धरून लिहिलं आहे, कारण मी तोच वापरतो. डोकूविकी किंवा मूडलमधला विकी असेल तर बटणांची नावं वेगळी दिसतील. वागणूकच वेगळी असेल तिथे तसं सांगतो. उदाहरणं दुसऱ्या वर्षाच्या सिग्नल्स अँड सिस्टिम्सची आहेत. तुमचा विषय स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स किंवा थर्मो असला तर उदाहरणं बदला, तपासणी तीच राहते.

पहिली तपासणी: पानाचं नाव

एका विद्यार्थ्याला समोर बसवा. टॉपर नको, एम-थ्रीची (गणिताच्या पेपरची) केटी राहिलेला कुणीतरी घ्या. त्याला म्हणा, आधी शिफ्ट की आधी स्केल, हे विकीवर शोधून दाखव. आणि तुम्ही गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड जातं, पण पाचेक मिनिटं जमवा.

तो शोधपेटीत काय टाइप करतो ते बघा. बहुतेकदा रोमन लिपीत, मराठी-इंग्रजी मिसळून, व्हॉट्सॲपवर लिहितो तसंच. आणि तुमच्या पानाचं नाव काय? ‘युनिट १: इंडिपेंडंट व्हेरिएबलवरील क्रिया’. आपली अडचण या मथळ्याखाली मोडते हे त्याला ठाऊक असतं तर अर्धं गणित सुटलंच असतं. अभ्यासक्रमाप्रमाणे लावलेली नावं ज्याला उत्तर आधीच येतं त्याच्या सोयीची असतात. किराणा दुकानात डबे मालकाच्या हाताला येतील असे लावलेले असतात, पण तिथे काउंटरमागे मालक उभा असतो. विकीवर मध्यरात्री कुणी नसतं.

शिवाय युनिटचे क्रमांक टिकत नाहीत. अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला की युनिट तीनचं युनिट दोन होतं, एखादा भाग वरच्या सेमिस्टरला जातो, आणि जुनी पानं नव्या मुलांना परकी वाटतात. विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र पॅटर्न बदलला म्हणून बदलत नाही.

म्हणून दुरुस्ती अशी: एका प्रश्नाला एक पान, आणि वर्गात ऐकू आला त्याच शब्दांत शीर्षक. ‘आधी शिफ्ट की आधी स्केल’ हेच पानाचं नाव. युनिट वगैरे वर्गीकरणासाठी मीडियाविकीत ‘वर्ग’ आहेत, ते पानाच्या तळाशी घाला.

मग त्याच पानाकडे येणारी पुनर्निर्देशनं करा, म्हणजे दुसरं नाव टाकलं तरी तेच पान उघडेल. रोमन लिपीतलं मराठी एक, शुद्ध इंग्रजी एक, नोटेशन घातलेलं एक. मीडियाविकीसोबत येणारा मूळ शोध शब्द जसाच्या तसा जुळवतो. ‘कन्व्हॉल्व्ह’ शोधणाऱ्याला ‘कन्व्होल्यूशन’ हवं असेल हे त्याला कळत नाही. देवनागरीत तर एकाच शब्दाची तीन रूपं सर्रास दिसतात: कन्व्होल्यूशन, कन्व्होल्युशन, कॉन्व्होल्युशन. यातलं शुद्ध कोणतं हा वाद घालत बसू नका, तिन्ही नावांची पुनर्निर्देशनं करून मोकळे व्हा. सायरससर्च नावाचं एक्स्टेंशन इलॅस्टिकसर्चच्या जोडीने हे काम जास्त हुशारीने करतं, पण त्याला सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. विभागाच्या विकीला पुनर्निर्देशनं पुरतात.

शीर्षकं प्रश्नांत लिहायला लागलात की काही तांत्रिक ठेचा लागतात. आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

मीडियाविकीत शीर्षकाची मर्यादा २५५ बाइट आहे. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. म्हणजे मराठी शीर्षक ८५ चिन्हांच्या आसपास संपतं. एखाद्या मुलीने पूर्ण वाक्यात प्रश्न लिहिला आणि ‘पान तयार होत नाही’ अशी तक्रार आली तर आधी शीर्षकाची लांबी बघा.

चौकटी कंस शीर्षकात चालत नाहीत, कारण विकीत ते दुव्यांसाठी राखलेले आहेत. आपल्या विषयात डिस्क्रीट सिग्नल लिहायचा तर चौकटी कंस लागतातच. शीर्षकात त्याऐवजी ‘एक्स ऑफ एन’ असं शब्दांत लिहा, पानाच्या आत हवं ते नोटेशन वापरा.

तिसरी अडचण या विषयापुरती गमतीची आहे. मीडियाविकी शीर्षकाचं पहिलं रोमन अक्षर आपोआप कॅपिटल करतो. आपल्याकडे स्मॉल एक्स हा सिग्नल आणि कॅपिटल एक्स हा त्याचा ट्रान्सफॉर्म! विद्यार्थ्याने सिग्नलचं पान काढलं की विकी त्याला ट्रान्सफॉर्मचं नाव देऊन मोकळा. लोकलसेटिंग्ज फाइलमध्ये कॅपिटललिंक्स हा पर्याय बंद करता येतो, पण तो विकी रिकामा असतानाच केलेला बरा. पानं साठल्यावर केला तर जुने दुवे तुटतात. नाहीतर मराठी शब्दाने सुरू होणारी शीर्षकं ठेवा, देवनागरीत कॅपिटलचा प्रश्नच येत नाही.

शेवटची गोष्ट दुव्याची. देवनागरी शीर्षकाचा दुवा कॉपी केला की प्रत्येक चिन्हामागे टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरं होतात, आणि ग्रुपवर पाच ओळींचं अगम्य काहीतरी पडतं. मुलं त्यावर बोट ठेवायला कचरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पानाच्या माहितीत पान क्रमांक मिळतो, त्याच्यावरून छोटा दुवा करता येतो. किंवा रोमन लिपीत एक आखूड पुनर्निर्देशन ठेवा आणि ग्रुपवर तेच द्या.

दुसरी तपासणी: पानावर सगळ्यात आधी कुणी लिहिलंय

पानाचा इतिहास उघडा. पहिला बदल विद्यार्थ्याचा प्रश्न, दुसरा तुमचं संपूर्ण सुबक उत्तर, आणि पुढे काहीच नाही. असं दिसलं तर दुखणं सापडलं.

सरांनी किंवा मॅडमनी उत्तर लिहिलं की त्याखाली कुणी लिहीत नाही. आपल्या वर्गांत तर नाहीच नाही. मोठ्यांच्या बोलण्यानंतर आपण बोलू नये हे शाळेपासून अंगात मुरलेलं आहे. तुमचं उत्तर बरोबर असतं, पण ते विद्यार्थ्याची चूक जिथे झाली तिथून सुरू होत नाही. जिथे तुम्हाला सोपं वाटतं तिथून सुरू होतं. पुढच्या वर्षीचा मुलगा ते वाचतो, मान हलवतो, आणि परीक्षेत नेमकी तीच चूक करतो. मग पुन्हा विचारतो.

वरच्या शिफ्ट-स्केलच्या प्रश्नातच बघा. आधी तीनने उजवीकडे शिफ्ट केलं आणि मग दोनने आकुंचन केलं तर उत्तर बरोबर. आधी दोनने आकुंचन केलं तर मग शिफ्ट दीडने करायचं, तेही बरोबर, कारण टू-टी मायनस थ्री म्हणजे दोन गुणिले टी मायनस दीड. चूक होते ती तिसऱ्या रस्त्याने: आधी आकुंचन आणि मग तीननेच शिफ्ट. प्रश्न विचारणारा जवळजवळ प्रत्येक जण हा तिसरा रस्ता चालून आलेला असतो. पानावर पहिले दोन रस्ते नीटनेटके दाखवले आणि तिसऱ्याचा उल्लेखच केला नाही, तर त्याला आपण कुठे घसरलो ते कळणार कसं? त्या पानावर चुकीचं उत्तर सगळ्यात वर हवं, ‘तुमचं असं आलंय का?’ या मथळ्याखाली.

म्हणून माझा आग्रह असा की शिक्षकाने उत्तर उशिरा द्यावं आणि तुटक द्यावं. पानाचा साचा आधीच करून ठेवा: वर प्रश्न, खाली ‘उत्तर १’, ‘उत्तर २’, ‘उत्तर ३’ असे रिकामे मथळे, प्रत्येकाखाली शेऱ्यासाठी जागा. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात इलेक्ट्रिकल अभियांत्रिकीच्या वर्गांसाठी ऱ्हीआ नावाचा विकी प्रकल्प चालवला गेला, त्याच्या सरावगणितांच्या पानांवर हीच रचना दिसते. विद्यार्थी आपापलं उत्तर क्रमांकाखाली लिहितात, आणि शिक्षक त्याच पानावर, त्या उत्तराखाली शेरा देतात. रचना इतकी साधी आहे की तिचं महत्त्व लक्षात येत नाही: ‘उत्तर २’ हा मथळा रिकामा दिसला की दुसऱ्या कुणाला तरी लिहायची परवानगी मिळाल्यासारखं वाटतं.

लाप्लासचं एक पान घेऊ. ई रेज्ड टू मायनस ए-टी गुणिले यू ऑफ टी (यू म्हणजे युनिट स्टेप), हा एक सिग्नल. मायनस ई रेज्ड टू मायनस ए-टी गुणिले यू ऑफ मायनस टी, हा दुसरा. दोघांचाही लाप्लास ट्रान्सफॉर्म वन अपॉन एस प्लस ए. प्रश्न दरवर्षीचा: दोन वेगळ्या सिग्नलचं उत्तर एकच कसं? ‘उत्तर १’ मध्ये कुणीतरी लिहितं की प्रश्नपत्रिकेत छपाईची चूक असावी. ‘उत्तर २’ मध्ये कुणी म्हणतं, दुसरा सिग्नल ऋण वेळेचा आहे म्हणून त्याचा ट्रान्सफॉर्म काढताच येत नाही. इथे शिक्षकाने एवढंच लिहावं: ‘दोन्ही इंटिग्रल मांडा. एसच्या कोणत्या किमतींना ते कन्व्हर्ज होतात ते लिहा.’ मग तिसरा कुणी मांडतो, आणि दिसतं की पहिल्यासाठी एसचा रिअल भाग मायनस ए-पेक्षा मोठा हवा, दुसऱ्यासाठी लहान. सूत्र एकच, आरओसी (ज्या एसना इंटिग्रल कन्व्हर्ज होतो तो भाग) वेगळा, आणि आरओसी सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

आता यातली पहिली दोन उत्तरं पुसू नका. त्यांवर खोडरेघ मारा, वाचता येतील अशी, आणि पुढे एका ओळीत कारण लिहा. पान नीटनेटकं करायच्या नादात चुकीची उत्तरं काढून टाकली जातात आणि विकी पाठ्यपुस्तकासारखा दिसायला लागतो. पाठ्यपुस्तक मुलांकडे आहेच. ‘छपाईची चूक असावी’ ही शंका मनात घेऊन पुढच्या वर्षी जो येईल त्याला खोडलेल्या ओळीत आपलंच वाक्य सापडलं पाहिजे.

उशीर किती करायचा? सेमिस्टरच्या मध्यावर एखादा दिवस थांबायला हरकत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी ताबडतोब लिहा. तेव्हा शिकवण्याचे प्रयोग कुणालाच नको असतात. आणि उशीर करायचा तर मुलांना भरवसा हवा की कोणतं उत्तर तपासलेलं आहे. त्यासाठी दोन साचे करा: ‘तपासायचं आहे’ आणि ‘तपासलं’. पहिला साचा पानाला आपोआप एका वर्गात घालतो, तो वर्ग म्हणजे तुमची रोजची कामाची यादी. ‘तपासलं’ मध्ये त्या आवृत्तीचा कायमचा दुवा द्या, कारण विकीवर तपासल्यानंतरही कुणी बदल करू शकतं, आणि तुमच्या नावावर भलतंच काही राहायला नको.

पान वाढत जातं, पण वाचण्याजोगं होत नाही

वरची पद्धत लागू पडली की उलटा त्रास सुरू होतो. पानावर चर्चा इतकी साठते की नव्याला खालपर्यंत वाचवत नाही, आणि तो पुन्हा थेट तुम्हालाच विचारतो.

हा विकीचा जुना रोग आहे. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिला विकी प्रोग्रामरांसाठी उघडला तेव्हाच तिथल्या लोकांना दोन प्रकारची पानं दिसू लागली होती: संवादाच्या धाग्यासारखी, ज्यात माणसं एकमेकांना उत्तर देतात, आणि दस्तऐवजासारखी, ज्यात लिहिणारा दिसत नाही, फक्त मजकूर दिसतो. चांगलं पान धाग्यात जन्मतं आणि कुणीतरी बसून त्याचा दस्तऐवज करतं. ते ‘कुणीतरी’ आपल्याकडे नेमलेलं नसतं, सगळी गोची तिथे आहे.

इन-सेम संपल्यानंतरचा आठवडा या कामाला बरा. मुलांच्या डोक्यात विषय ताजा असतो आणि सबमिशनची धावपळ अजून लागलेली नसते. दोघा-दोघांना एकेक पान द्या. पानावर राहील प्रश्न, सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि बरोबर मांडणी. बाकी संवाद ‘चर्चा’ पानावर हलवायचा, फेकायचा नाही. चर्चा पानावर प्रत्येकाने शेवटी चार टिल्डे (~~~~) घालून सही करायची, म्हणजे नाव आणि वेळ आपोआप येते. मुख्य पानावर सही नको.

संक्षेप करताना मुलांचा कल ‘थोडक्यात नोट्स’ लिहिण्याकडे असतो. ते होऊ देऊ नका; नोट्स झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात.

एक पान जे बहुतेक विकींवर नसतं

‘सर, माझं उत्तर पायथनपेक्षा वेगळं येतंय.’ यातले कितीतरी प्रश्न गणिताचे नसतातच, व्याख्येचे असतात. सिंक फंक्शन बघा. काही पुस्तकं साइन एक्स भागिले एक्स अशी व्याख्या घेतात, काही साइन पाय-एक्स भागिले पाय-एक्स. पहिल्यात वक्र प्रथम शून्याला येतो तो एक्स बरोबर पायला, म्हणजे ३.१४ च्या जवळ. दुसऱ्यात नेमका १ ला. मॅटलॅब आणि पायथनमधलं नमपाय दुसरी व्याख्या वापरतात. मुलगा पहिल्या पुस्तकातून हाताने सोडवतो, लॅबमध्ये नमपायने तपासतो, आणि आपलं चुकलं समजून रात्रभर खोडत बसतो.

तसंच फूरिए ट्रान्सफॉर्मचं. ओमेगात लिहिला तर वन बाय टू-पाय इन्व्हर्समध्ये येतो, एफमध्ये लिहिला तर येतच नाही. डीएफटीचा वन बाय एन मॅटलॅब आणि नमपाय दोघेही इन्व्हर्सच्या बाजूला ठेवतात, एखादं पुस्तक पुढच्या बाजूला ठेवतं. यू ऑफ झिरोची किंमत किती धरायची यावर तर नमपायचं हेव्हिसाइड फंक्शन निकालच देत नाही, ती किंमत तुमच्याकडूनच मागून घेतं.

‘आपण या विषयात काय धरतो’ असं एक पान करा आणि प्रत्येक प्रश्नपानाच्या साच्यातून त्याचा दुवा द्या. हे पान शिक्षकानेच लिहावं, इथे मुलांची मतं नकोत. एकाच विषयाला दोन डिव्हिजनना दोन शिक्षक असतील तर आधी दोघांनी चहाच्या वेळी बसून एकमत करावं. हे जमत नाही तोवर विकीला दोष देण्यात अर्थ नाही. पुस्तकानुसार काय बदलतं ते शेजारी लिहा. या एका पानाने थांबणारे प्रश्न सोडवलेल्या गणितांच्या ढिगाने थांबत नाहीत.

गुण दिले आणि सगळं बिघडलं

सहभाग वाढावा म्हणून टर्मवर्कचे काही गुण विकीला ठेवले जातात. परिणाम असा की सबमिशनच्या आदल्या रात्री ‘अलीकडील बदल’ पान वाहायला लागतं. कुणी स्वल्पविराम घालतं, दुसरं कुणी तो काढतं, दोघांचेही बदल मोजले जातात.

मोजणी बदलांच्या संख्येवर असेल तर हेच होणार. बाइटवर करावी म्हटलं तर ती आणखी वाईट: इतिहासात हिरव्या-लाल आकड्यांत दिसणारी वाढ-घट बाइटमध्ये असते, आणि देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात हे वर आलंच. तीच गोष्ट मराठीत समजावणारा इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या जवळपास तिप्पट मेहनती दिसतो. मराठीत लिहायला उत्तेजन म्हणून मला हे आवडलं असतं, पण न्याय नाही.

गुण एकाच गोष्टीला द्या: दुसऱ्याच्या उत्तरातली चुकलेली पायरी शोधून, ती का चुकली हे एका वाक्यात लिहिणं. हे सेमिस्टरभरात विखरून झालेलं हवं, शेवटच्या आठवड्यातलं धरायचं नाही. विद्यार्थी स्वतःच्या अशा दोन-तीन बदलांचे दुवे देईल, तुम्ही तेवढेच उघडून बघायचे. सगळा इतिहास चाळत बसायची गरज उरत नाही, आणि स्वल्पविराम घालणाऱ्याकडे द्यायला दुवाच नसतो.

लिहितच नाहीत तेव्हा

बरेचदा कारण नावाचं असतं. खातं रोल नंबरवर उघडलेलं असलं की बावळट प्रश्न कुणी विचारला हे वर्गाला क्षणात कळतं. पुढच्या बाकावरचे हसतील ही भीती दुसऱ्या वर्षातही गेलेली नसते, उलट डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांमध्ये ती जास्त असते. पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी या वर्गासोबत केलेलं नसतं. टोपणनावाची खाती द्या. खरं नाव कोणतं याची यादी तुमच्याकडे राहू द्या, गुणांसाठी ती पुरते. टोपणनाव निवडायला सांगितलं की काही क्रिकेटपटू येतात, काही खाद्यपदार्थ; येऊ द्या.

व्हॉट्सॲपशी झगडू नका. ग्रुप बंद केला तर दुसरा निघेल, त्यात तुम्ही नसाल एवढाच फरक. ग्रुपवर प्रश्न आला की उत्तर म्हणून फक्त विकीचा दुवा टाकायचा. पान नसेल तर ते त्याच वेळी काढायचं, प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत, आणि रिकाम्या पानाचा दुवा टाकायचा. सीआरला (वर्ग प्रतिनिधीला) हे जमतं, तुम्हीच करायला पाहिजे असं नाही. पण एकदा जरी ग्रुपवर संपूर्ण उत्तर दिलंत तर पुढचे सगळे प्रश्न तिथेच येणार हे धरून चाला.

किरकोळ बिघाड

वहीच्या पानाचा फोटो चढत नसेल तर दोन ठिकाणी बघा. मीडियाविकीत फाइल चढवणं मुळात बंद असतं, ते चालू करावं लागतं. ते करूनही अडत असेल तर पीएचपीची (मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलाय तिची) मर्यादा कारण असते: एका फाइलची मर्यादा सुरुवातीला २ एमबी असते आणि फोनचा फोटो सहज त्याच्या वर जातो. मर्यादा वाढवा, पण फोटोवर थांबू नका. फोटोतलं गणित शोधात सापडत नाही. फोटोखाली निदान प्रश्न आणि अडलेली पायरी टाइप करायला लावा.

परीक्षेच्या आदल्या रात्री दोघं एकच परिच्छेद बदलत असतील तर मीडियाविकी दुसऱ्याला संपादन संघर्षाचा इशारा देतो. वेगवेगळ्या जागचे बदल तो स्वतःच जुळवून घेतो. म्हणून अख्खं पान न उघडता आपल्या मथळ्यापुरतं ‘संपादन’ दाबायची सवय लावा. डोकूविकी निराळा वागतो: एक जण लिहीत असताना पान बाकीच्यांना संपादनासाठी बंद, सुरुवातीच्या मांडणीत १५ मिनिटांपर्यंत. तिथे ‘पान संपादनाला उघडत नाही’ ही तक्रार म्हणजे बहुधा कुणीतरी संपादन उघडं ठेवून जेवायला गेलंय.

नोंदणी सगळ्यांना खुली ठेवली तर जाहिरातींचे बॉट येतात. क्वेस्टीकॅप्चा वापरून नोंदणीला स्वतःचा प्रश्न ठेवता येतो. विषयातलाच ठेवा, सोपा. वर्गातल्या कुणालाही आला पाहिजे.

दरवर्षी नवा विकी उघडू नका. नवी बॅच म्हणून कोरी पाटी दिली की वर सांगितलेलं सगळं वाया जातं.

एवढं करूनही तोच प्रश्न आला तर

आधी पान वाचलं जातंय का ते बघा. मीडियाविकीने १.२५ आवृत्तीपासून पानाच्या भेटींचा आकडा मूळ सॉफ्टवेअरमधून काढला आहे. तो हवा तर हिटकाउंटर्स हे एक्स्टेंशन घालावं लागतं, किंवा सर्व्हरच्या नोंदी चाळाव्या लागतात. भेटी नाहीत म्हणजे शीर्षकाचा किंवा दुव्याचा दोष, पहिल्या तपासणीकडे परत जा.

भेटी भरपूर आणि प्रश्न तरीही तोच, असं असेल तर काम विकीचं नाही, तासाचं आहे. ‘कॉस टू-टी पिरिऑडिक आहे, मग कॉस टू-एन का नाही?’ हा तसला प्रश्न. उत्तर दोन ओळींचं आहे: टू-एनमधला स्मॉल एन कॅपिटल एन इतका पुढे सरकल्यावर तीच किंमत यायची तर कॅपिटल एन हा पायच्या पूर्णांकी पटीत हवा, आणि पाय अपरिमेय असल्याने तो पूर्णांक होऊच शकत नाही. दोन ओळी वाचून मुलं हो म्हणतात, कारण तर्कात खोट काढता येत नाही. पण डोळ्यांपुढे अजून तो सलग कॉसचा वक्र असतो, आणि तो तर स्पष्ट पुन्हा पुन्हा येताना दिसतो.

हे पान मी विकीवर ठेवलं आहे, पण त्याआधी तासाला सगळ्यांकडून वहीत आकडे काढून घेतो: एन शून्यापासून सातपर्यंत, कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून. १, मग मायनस ०.४२, मायनस ०.६५, ०.९६, मायनस ०.१५… तीनला १ च्या इतकं जवळ जाऊनही तो १ होत नाही, आणि तिथेच कुणीतरी विचारतं की पुढे कधीतरी होईल का. तो नवा प्रश्न असतो. त्याचं पान त्याच दिवशी काढतो, विचारणाऱ्याच्या शब्दांत, खाली ‘उत्तर १’ रिकामं ठेवून.